बढतीनंतर ‘नेतृत्व आणि धोरणात्मक विचार सुधारा’ असा शेरा मिळाल्यास नेमके काय करावे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बढती मिळून एक लहान टीम तुमच्या हाताखाली आली, तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त वेळ काम करता, तरीही कामे तुमच्या टेबलावरच तुंबतात, आणि वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी नेतृत्व व धोरणात्मक विचार या दोन्हींत सुधारणा हवी असा शेरा मारला आहे, तेव्हा कोणता कोर्स करावा? मी बरीच वर्षे टीम सांभाळत आलो आहे आणि असे शेरे लिहिण्याची वेळही माझ्यावर येत असते, म्हणून स्पष्ट लिहितो. कोर्स करायला हरकत नाही, परंतु तुमचे घोडे तिथे अडलेले दिसत नाही. तुम्ही कामे वाटता आणि निर्णय स्वतःकडे ठेवता; शेऱ्यातल्या दोन्ही गोष्टी मला या एकाच सवयीतून आलेल्या वाटतात.

ग्राहकाला जाणारा प्रत्येक ईमेल तुम्ही आधी तपासता, असे तुम्ही लिहिले आहे. तिथे काय घडते ते पाहा. सहकारी मसुदा पाठवते, तुम्ही त्यातली दोन वाक्ये बदलता, एक शब्द मवाळ करता आणि मसुदा परत देता. तुमच्या दृष्टीने हे मार्गदर्शन असते. तिला मात्र एवढेच कळते की आपण काहीही लिहिले तरी ते बदलले जाणारच आहे. पुढचा मसुदा ती साहजिकच कच्चा पाठवते, तो पाहून तपासणी किती आवश्यक आहे याची तुम्हाला खात्री पटते, आणि हे चक्र दोघांच्याही नकळत पक्के होते. त्याऐवजी मसुदा न उघडता तिला विचारावे, ‘यातला कोणता मुद्दा ग्राहकाला खटकेल असे तुम्हाला वाटते?’ उत्तर आले की त्या मुद्द्यापुरतेच बोलावे आणि ईमेल तिलाच पाठवू द्यावा. सुरुवातीला यात वेळ जास्त जातो, हे मान्य करूनच हा मार्ग धरावा लागतो.

सगळेच निर्णय एकदम सोडून द्यावेत, असे मी म्हणत नाही. कोणत्या बाबतीत सहकाऱ्याने परस्पर ठरवायचे, कोणत्या बाबतीत ठरवून तुम्हाला कळवायचे आणि कोणत्या बाबतीत आधी प्रस्ताव घेऊन यायचे, हे प्रत्येकाशी बसून लेखी ठरवावे. माझा निकष साधा आहे: चुकलेला निर्णय थोड्या खर्चात फिरवता येत असेल तर तो खाली द्यावा, न फिरवता येणारा असेल तर स्वतः त्यात बसावे. मात्र ही वाटणी माणसाकडे पाहून नव्हे, तर माणूस आणि काम यांची जोडी पाहून करावी लागते, कारण तांत्रिक बाबतीत मुरलेला सहकारी ग्राहकाशी दराची बोलणी करताना अगदी नवखा असू शकतो.

निर्णय खाली गेले की चुका होतील, आणि त्या तुमच्यापर्यंत पोहोचतात की नाही यावर पुढचे सगळे अवलंबून असते. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, परंतु आकडे उलटे निघाले: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. तिथली माणसे जास्त चुकत होती असे नव्हे, तर तिथे चुकीबद्दल बोलायला कोणी घाबरत नव्हते, असा उलगडा त्यांनी केला. म्हणून ‘आमच्याकडे सगळे सुरळीत आहे’ असे टीम महिनोन्महिने सांगत असेल, तर मला तरी त्याने स्वस्थता वाटत नाही. वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाशी तुम्ही पहिले वाक्य काय बोलता, याकडे सगळ्यांचे कान असतात. ‘हे कसे काय झाले?’ यापेक्षा ‘बरे झाले आत्ताच सांगितलेत, आता पुढे काय करायचे?’ हे वाक्य कितीतरी उपयोगी ठरते.

आता धोरणाविषयी. वरिष्ठ हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना लांबलचक सादरीकरण नको असते. टीमने काय करायचे थांबवावे हे तुम्ही सांगू शकता का, एवढे त्यांना पाहायचे असते. १९८५ साली इंटेल ही कंपनी मेमरी चिपच्या धंद्यात जपानी स्पर्धकांपुढे हतबल झाली होती. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, संचालक मंडळाने आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? तो मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर म्हणाले. मग तेच आपण का करू नये, असा ग्रोव्ह यांचा पुढचा प्रश्न होता. कंपनीची सुरुवातच मेमरीपासून झालेली असूनही त्यांनी तो धंदा सोडला आणि मायक्रोप्रोसेसरवर भर दिला. हाच प्रश्न तुमच्या टीमपुरता विचारा: उद्या तुमच्या जागी कोणी नवीन आले, तर कोणता अहवाल, कोणती बैठक, कोणता ग्राहक ती व्यक्ती पहिल्याच महिन्यात सोडून देईल? ती यादी, त्यातून वाचणारा वेळ आणि तो कुठे लावणार याचा हिशेब एका पानावर मांडून वरिष्ठांकडे न्यावा. सगळे मान्य होणार नाही, पण चर्चा तुमच्या कामाच्या तासांवरून टीमच्या दिशेवर येईल.

त्याच भेटीत त्यांना विचारून घ्या: पुढच्या मूल्यमापनात हा शेरा काढून टाकावा असे वाटण्यासाठी तुम्हाला माझ्या कामात नेमके काय दिसायला हवे? उत्तर मोघम आले तर एखादा अलीकडचा प्रसंग मागावा आणि तिथे त्यांनी स्वतः काय केले असते ते ऐकून घ्यावे. कोर्स निवडायचाच असेल तर तो या संभाषणानंतर निवडा.