रोज आकडे बघू नकोस
पृथ्वी तापतेय या काळजीने झोप उडालीय म्हणतोस, त्यात नवल नाही. २०१५ ला पॅरिस करारात जगाची तापमानवाढ, कारखानदारीच्या आधीच्या मानाने, दीड अंशात रोखायचा प्रयत्न करायचं ठरलं तेव्हा मी पेढे वाटले होते. २०२४ या अख्ख्या वर्षाची सरासरी त्या रेषेच्या वर गेली. (एका वर्षाने करार मोडत नाही, दीर्घकाळची सरासरी धरतात. तरी पोटात गोळा येतोच.)

आधी मोना लोआचा (हवाईतली वेधशाळा) हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा रोज बघणं थांबव. १९५८ पासून तो वर्षागणिक चढतोच आहे. तुझ्या जागरणाने उतरणार नाही. रडू आलं तर रड, फक्त एकट्याने नको.

आणि ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. आळशीपणा आहे तो. दीड अंशाला ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील असा अंदाज आहे, दोनला ९९ च्या वर. भांडण अंशाच्या एकेका दशांशासाठीच आहे.

रविवारी चर खणायला ये. टोपी आण, फावडी आहेत.