पीएचा अर्ज भरण्याआधी

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचलं. एमकॅट, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकलची प्रवेशपरीक्षा, पुन्हा द्यायची नाही, त्यापेक्षा फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरच्या जोडीने पेशंट तपासून उपचार करणारी, होते, असं तू लिहिलंस. हे कारण मुलाखतीला घेऊन गेलीस तर पाच मिनिटांत उघडी पडशील. समोर बसलेल्यांनी ते पुष्कळदा ऐकलेलं असतं.

हा मेडिकलचा सोपा भाऊ नाही गं. साधारण २७ महिन्यांत मास्टर्स संपवतात, उन्हाळ्याच्या सुट्टीचं नाव काढायचं नाही. आधी वर्षभर वर्गात अॅनाटॉमी, फार्माकॉलॉजी, क्लिनिकल मेडिसिन. मग रोटेशन्स, म्हणजे एकेका विभागात पाळीपाळीने प्रत्यक्ष काम: फॅमिली मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सुमारे २००० तास. शेवटी ३०० प्रश्नांची पॅन्स ही परीक्षा. ती पास झाल्याशिवाय लायसन्स नाही.

तुझे मार्क चांगले आहेत, त्यांची मला काळजी नाही. अडेल ते पेशंटजवळच्या कामापाशी. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा कोर्स सुरू केला तेव्हा नौदलातून परतलेले कॉर्प्समन, म्हणजे तिथले वैद्यकीय मदतनीस, घेतले. आजारी, जखमी माणसांची ज्यांच्या हातांना आधीच सवय होती, अशी मुलं. आजही बरेच प्रोग्रॅम अशा कामाचे हजार-हजार तास मागतात. स्क्राइबचे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपण्याचे, तास कुठे धरतात, कुठे नाही, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नकोस.

माझं ऐकशील तर नर्सिंग असिस्टंटचा छोटा कोर्स कर आणि एखाद्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, लाग. कूस बदलणं, डायपर, अंघोळ, सगळं करावं लागेल. पाठ धरेल, पगार बेताचाच. पण काल जेवणारे आजोबा आज घास का नाकारतात हे तुला इतरांआधी कळेल, आणि ते नर्सला दोन वाक्यांत कसं सांगायचं हेही. माझ्याकडे रोटेशनला येणाऱ्यांत हे काम केलेली मुलं लगेच ओळखू येतात: खोलीत शिरल्यावर ती आधी पेशंटकडे बघतात, बाकीची कॉम्प्युटरकडे.

तिथेच आणखी एक गोष्ट पारखून घे. बहुतेक राज्यांत पीएचं काम कायद्याने या ना त्या प्रकारे डॉक्टरशी बांधलेलं असतं. ते आयुष्यभर टोचणार असेल तर निमूटपणे एमकॅटला बस. मला नाही टोचत. सर्जरी सोडून त्वचारोगाकडे वळायचं तर पीएला नवी रेसिडेन्सी, म्हणजे त्या शाखेचं वेगळं प्रशिक्षण, करावी लागत नाही, हे सुख डॉक्टरांना कुठलं!

तुझ्या पुण्याच्या चुलतभावाला सांग, तिकडची पीएची पदवी इथे अमेरिकेत चालत नाही. पीए कोर्सेसना मान्यता देणाऱ्या एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेल्या प्रोग्रॅममधूनच शिकावं लागतं, मगच पॅन्सला बसता येतं.

पैशांचं बाबांशी आत्ताच बोल. सरकारचं ग्रॅड प्लस हे शैक्षणिक कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद, आणि शिकताना नोकरी जमेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पीएचे अर्ज भरायचं पोर्टल, कॅस्पा, एप्रिलअखेर उघडतं. पुष्कळ ठिकाणी अर्ज येतील तसे वाचतात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. तास कमी पडत असतील तर हे वर्ष सरळ जाऊ दे.

नर्सिंग होमचं आईजवळ तू काढू नकोस. रविवारी मी फोन करते.

तुझी,
मावशी