पहिला ओरखडा पडला म्हणून ब्रेसलेट कपाटात ठेवू नका

तुम्ही लिहिलंय की कार्तिए या फ्रेंच दागिन्यांच्या कंपनीचं पिवळ्या सोन्याचं लव्ह ब्रेसलेट (दोन अर्ध्या कड्या स्क्रूने जोडलेलं) घेऊन तीन आठवडे झाले, त्यावर पहिला ठळक ओरखडा पडला आणि तेव्हापासून ते रोज घालावं की समारंभापुरतं ठेवावं, हे ठरत नाहीये. पॉलिश करून घेऊ का, घड्याळ त्याच हातात चालेल का आणि पुढे अल्हांब्रा (व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सचं, चार पाकळ्यांच्या नक्षीत खडे बसवलेलं ब्रेसलेट) घेतलं तर तेही रोज घालता येईल का, हेही विचारलंय. मी हेच ब्रेसलेट नऊ वर्षं रोज घालते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओरखडा आत्ता एवढा दिसतोय, कारण तो एकटा आहे. आरशासारख्या सोन्यावर एकच रेघ असली की नजर तिथेच जाते. पुढे अशा असंख्य बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि लखलखाटाच्या जागी एक मऊ झळाळी येते. माझ्या ब्रेसलेटला ती यायला साधारण दीड वर्ष लागलं आणि मला ती नवेपणीच्या चकाकीपेक्षा जास्त आवडते. १८ कॅरट म्हणजे हजारातले ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० भागांत चांदी, तांबं वगैरे घालून त्याला कडकपणा आणलेला असतो, तरी दाराची मूठ, ओट्याची कड, पिशवीची साखळी यांच्यापुढे ते नमतंच.

पॉलिशची घाई अजिबात करू नका. ओरखड्यात सोनं बहुतेक वेळा फक्त बाजूला सरकलेलं असतं. पॉलिश करताना मात्र ते खरोखर घासून निघून जातं, थोडं का होईना. मी पाचव्या वर्षी एकदा पॉलिश करून घेतलं. ब्रेसलेट नव्यासारखं आलं, पण कडा आणि स्क्रूच्या नक्षीभोवतालच्या रेषा पूर्वीइतक्या धारदार राहिल्या नाहीत. चकाकी दोन महिन्यांत पुन्हा गेली, कडा काही परत आल्या नाहीत. त्यानंतर मी ते पॉलिशला दिलेलं नाही. (पांढऱ्या सोन्याची गोष्ट वेगळी. त्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो झिजला की खालचा किंचित पिवळसर रंग दिसू लागतो आणि मुलामा पुन्हा द्यावा लागतो.)

घड्याळ दुसऱ्या हातात घाला. स्टील सोन्यापेक्षा कठीण असतं. त्याहून वाईट शेजार हिऱ्यांच्या ब्रेसलेटचा. मी आठ महिने दोन्ही एकत्र घातली होती. हिऱ्यांनी लव्हच्या कडेला एक खाच पाडली. बाकीच्या रेघांत ती मिसळली नाही, बोट फिरवलं की आजही लागते.

पण खरी काळजी ओरखड्यांची नाही, स्क्रूंची आहे. दागिन्यांचे रचनाकार आल्डो चिपुल्लो यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे ब्रेसलेट घडवलं, तेव्हा कल्पनाच अशी होती की ते दुसऱ्या माणसाने पेचकसाने हातात बसवायचं आणि ते सहजी निघू नये. कल्पना सुंदर आहे, मलाही त्याचीच भुरळ पडली. मात्र हात कधी सुजेल हे सांगता येत नाही. तिसऱ्या वर्षी मी जिन्यावरून पडले आणि त्याच मनगटाचं हाड मोडलं. सूज भराभर चढत होती आणि पेचकस घरी, मूळ डबीत. रुग्णालयातल्या एका तंत्रज्ञाने चष्मे दुरुस्तीच्या बारीक पेचकसाने ते काढलं. तो पेचकस दोनदा घसरला आणि स्क्रूच्या खाचेची कड दुखावली. अजून थोडा वेळ गेला असता तर सोनं कापावंच लागलं असतं. तेव्हापासून एक पेचकस माझ्या पर्समध्ये असतो आणि घरातल्या दोघांना मी ते उघडायला शिकवलंय. शस्त्रक्रिया किंवा एमआरआय ठरलेला असेल तर आदल्या रात्री घरीच काढा. सोन्याला चुंबक ओढत नाही, पण त्यातून वीज वाहते आणि ते तापू शकतं, म्हणून अशा वेळी दागिने काढायला सांगतात.

व्यायामाला जड वजनं उचलत असाल तर तेव्हाही काढा. लोखंडी दांड्याखाली दाबून ब्रेसलेटचा लंबगोल जरासा जरी वाकला, तरी दोन्ही अर्ध्या कड्या एकमेकींवर सरळ बसत नाहीत आणि सगळा ताण स्क्रूवर येतो. क्लोरीन सोन्यातल्या मिश्र धातूंना खातं, गरम पाण्यात जास्तच. क्वचित पोहण्याने काही बिघडत नाही, रोज पोहत असाल तर घालू नका. झोपताना, आंघोळीला, स्वयंपाकात मी ते काढत नाही.

मापाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी एक पाहा. मनगट आणि ब्रेसलेट यांच्यामध्ये करंगळी सहज गेली पाहिजे. उन्हाळ्यात हात फुगतात. फार ढिलं घेतलं तर ते कोपराकडे घसरून पुन्हा खाली आदळत राहतं आणि तुम्हाला नकोसे वाटणारे ओरखडे दुप्पट पडतात.

अल्हांब्राला मात्र हा हिशेब लागू होत नाही. त्यात बसवलेला शिंपला आणि मॅलाकाइट (हिरवा खडा) यांची कठिणता मोहस मापावर (खनिजांची कठिणता मोजण्याचं एक ते दहाचं माप) साडेतीन-चारच्या आसपास, तर साध्या धुळीतल्या वाळूची सात. या दोन्हींना साबण, अत्तर, घाम सोसत नाही आणि झिजलेल्या शिंपल्याला कुठलीही मऊ झळाळी येत नाही, तो नुसता निस्तेज होतो. रोजच घालायचं असेल तर ओनिक्स किंवा कार्नेलियन या त्याहून कठीण खड्यांचं घ्या, आणि हात धुताना तेही जपा.

लव्ह धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ दातांचा ब्रश पुरतो. स्क्रूभोवती लोशन साचून काळपट थर बसतो, तिथे ब्रश फिरवा. आणि आज रात्रीच दोन्ही स्क्रू घट्ट करून त्यांच्या खाचांचा एकेक फोटो काढून ठेवा. दर रविवारी त्याच्याशी ताडून पाहा. खाचेची दिशा बदललेली दिसली, तर स्क्रू फिरू लागलाय, लगेच आवळा.