पेन्शन सुरू झाली, दवाखान्याचं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांचे किंवा त्यांच्या घरच्यांचे आहेत, म्हणून सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाही. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत.

प्रश्न : आयकर खात्यातून मागच्या वर्षी रिटायर झालो, पे लेव्हल ७. सांगलीला राहतो. इथे सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) वेलनेस सेंटर, म्हणजे दवाखाना, नाही म्हणून पेन्शनबरोबर महिन्याला १००० रुपये मेडिकल अलाउन्स घेतो. मुलगा म्हणतो सीजीएचएसला पैसे भरण्यापेक्षा चांगला मेडिक्लेम घ्या. मिसेसना बरीच वर्षं डायबेटिस आहे. काय करू?

उत्तर : आधी सीजीएचएसचं कार्ड काढा, मेडिक्लेमचं नंतर बघता येईल. अलाउन्स घेतला म्हणजे सीजीएचएस सुटलं असं खूप जण धरून चालतात, पण तसं नाहीये. सीजीएचएस नसलेल्या गावात राहणाऱ्या पेन्शनरला असंही करता येतं की ओपीडीसाठी १००० रुपये अलाउन्स चालू ठेवायचा आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर त्यासाठी जवळच्या सीजीएचएस शहरातून, तुमच्या बाबतीत पुण्यातून, वर्गणी भरून कार्ड घ्यायचं. म्हणजे गोळ्या-तपासण्यांचा रोजचा खर्च अलाउन्समधून आणि मोठं आजारपण कार्डावर.

आता पैशाचं. लेव्हल ७ ते ११ ला महिन्याला ६५० रुपये वर्गणी आहे, म्हणजे वर्षाला ७,८००, आणि दहा वर्षांची एकदम भरली तर ७८,००० मध्ये कार्ड आयुष्यभराचं होतं. (लेव्हल १ ते ५ ला २५०, ६ ला ४५०, १२ आणि वर १,०००.) मुलाला म्हणावं, साठीपुढचं जोडपं, त्यात एकाला डायबेटिस, असं खरं खरं सांगून मेडिक्लेमचं कोटेशन काढ आणि ते ७८ हजार किती वर्षं पुरतात ते बघ. आणि रकमेपेक्षा मोठा फरक पुढे आहे, सीजीएचएसमध्ये जुना आजार आहे का कोणी विचारत नाही, वेटिंग पिरियड (जुन्या आजाराला सुरुवातीची काही वर्षं कव्हर न मिळणं) नाही, वय वाढलं म्हणून वर्गणी वाढत नाही आणि अमुक लाखांपर्यंतच अशी वरची मर्यादा नाही. मिसेसच्या डायबेटिसचा विचार केला तर मला यात दुसरा पर्यायच दिसत नाही.

अडचण एकच आणि ती खरी आहे. सीजीएचएसच्या पॅनलवरची, म्हणजे मान्यता दिलेली, हॉस्पिटलं मोठ्या शहरांत जास्त, त्यामुळे ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर पुण्याला जायची तयारी ठेवा, पॅनलवरच्या हॉस्पिटलात पेन्शनरला कॅशलेस मिळतं. अचानक काही झालं, इमर्जन्सी असेल, तर सांगलीत समोर दिसेल त्या हॉस्पिटलात जा, पण मग आधी पैसे तुम्ही भरायचे आणि परत मिळणार सीजीएचएसच्या दराने, बिलाइतके नाही. क्लेम डिस्चार्जपासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. हे दर ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललेत तरी खाजगी बिल आणि सरकारी दर यात फरक राहतोच, तो भरून काढायला परवडत असेल तर एक छोटी पॉलिसी जरूर घ्या. दोन्ही असलं तर आधी विमा कंपनीकडे क्लेम करायचा आणि राहिलेला सीजीएचएसकडे, दोन्ही मिळून झालेल्या खर्चापेक्षा जास्त मिळत नाही एवढंच.

आणि एक कळकळीने सांगते, कार्डावर मिसेसचं नाव आत्ताच टाका आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, बँक पासबुक तिन्हीकडे त्यांच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. उद्या तुमच्यामागे फॅमिली पेन्शनर म्हणून त्यांनाच हे कार्ड चालवायचंय. "सुनिता" एकीकडे आणि "सुनीता" दुसरीकडे एवढ्यावरून बायकांना महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागल्याची पत्रं माझ्याकडे येतात, आणि ती वाचवत नाहीत.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, वय ६१. नोकरीत असताना मेडिकल बिलं मिळायची, आता काहीच नाही. घरी पत्नी ५७ वर्षांची, आई ८३ वर्षांची. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे त्यामुळे कुठल्याच योजनेत बसत नाही असं सगळे म्हणतात.

उत्तर : सगळे जुनी माहिती सांगतायत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. मात्र ठरलेल्या यादीतले उपचार आणि योजनेतलीच हॉस्पिटलं. तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो, ॲडमिशनच्या आधी त्याच्याकडे जायचं, बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

आईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, आजच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरतात. यातही वर्षाला ५ लाख, पण ॲडमिट झाल्यावरच, ओपीडीला नाही. आईंच्या आधारवर जन्मतारीख बरोबर आहे ना ते आधी तपासा, जुन्या माणसांच्या आधारवर अंदाजे टाकलेली साल असते.

राहिले तुम्ही दोघं. निवृत्त राज्य कर्मचाऱ्यांसाठी विमा संचालनालयामार्फत गट वैद्यकीय विमा योजना आहे, ऐच्छिक, हप्ता आपल्याच खिशातून. ज्या ऑफिसातून रिटायर झालात तिथल्या आस्थापना शाखेत यंदाचा हप्ता आणि मुदत विचारा आणि मगच खाजगी पॉलिसीशी तुलना करा. खाजगी घ्यायची तर आता पूर्वीपेक्षा बरे दिवस आहेत, पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाही असं कंपन्यांना सरसकट म्हणता येत नाही, जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय, ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आयआरडीएआयशी (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेशी) बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

पण पॉलिसी घेताना खोलीभाड्याची ओळ बोट ठेवून वाचा. समजा पॉलिसीत रोजचं खोलीभाडं ४,००० पर्यंत आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. बहुतेकांना वाटतं वरचे ४,००० आपण भरू, झालं. तसं होत नाही, खोलीच्या प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज असले खर्चही निम्मेच मंजूर होतात, कारण हॉस्पिटलात ते दर खोलीनुसार बदलतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावत नाहीत, तरीसुद्धा लाखाच्या बिलात केवढा तरी फटका बसतो. त्यामुळे खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्या, आणि को-पे २० टक्के असला तर प्रत्येक क्लेममध्ये पाचवा हिस्सा आपला हे धरूनच चला.

प्रश्न : माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, मी फॅमिली पेन्शनर आहे, नागपूरला सीजीएचएस कार्ड आहे. मुलगी ४१ वर्षांची, घटस्फोट झाल्यावर माझ्याकडेच असते, तिचा मुलगा ११ वर्षांचा. तिला कमाई नाही. पंचविशीनंतर नाव घालता येत नाही असं ऐकलं.

उत्तर : मावशी, पंचविशीची अट मुलाला आहे, मुलीला नाही. घटस्फोटित किंवा विधवा मुलगी तुमच्यावर अवलंबून असेल तर तिला वयाची अट नाही. अवलंबून म्हणजे सगळीकडून मिळून तिचं महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत हवं, पोटगी मिळत असेल तर तीही लपवू नका, मोजून दाखवा. नातवाचंही नाव १८ वर्षांपर्यंत घालता येतं, तो तुमच्याजवळ राहतो आणि तुमच्यावरच अवलंबून आहे हे दाखवावं लागेल. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, तिचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा. काउंटरवर कोणी तोंडी नाही म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, लेखी नकार द्यायची वेळ आली की माणसं नियम उघडून बघतात.

प्रश्न : वडील ७४, त्यांचं सीजीएचएस कार्ड आहे. वय वंदना कार्डही काढून ठेवू का?

उत्तर : दोन्ही ठेवता येत नाहीत, एक निवडावं लागतं. सीजीएचएसच ठेवा. त्यात ओपीडी आहे, औषधं आहेत आणि ५ लाखांची मर्यादा नाही. खाजगी मेडिक्लेम असता तर त्याच्याबरोबर वय वंदना चाललं असतं.

प्रश्न : सासरे निवृत्त पोलीस अधिकारी. मेडिक्लेम सलग सात वर्षं चालू आहे. बायपासनंतर कंपनीने क्लेम नाकारला, कारण काय तर पॉलिसी घेताना बीपी सांगितलं नव्हतं. आता?

उत्तर : लढा, हा क्लेम सोडू नका. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध केली तरच, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, सातही वर्षांच्या रिन्युअलच्या पावत्या जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून ते नकाराचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा, मेलवर आलं असेल तर प्रिंट काढा.