प्रश्न तुमचा: चाचे तिकडं, भुर्दंड शिरोलीला का?

प्रश्न: सर, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, कास्टिंग न्हावा शेवावरनं युरोपला जातं. 2023 च्या डिसेंबरनंतर फ्रेटच्या (जहाजभाड्याच्या) बिलात वॉर रिस्क सरचार्ज, म्हणजे युद्धजोखमीचा जादा आकार, म्हणून एक ओळ यायला लागली. सोमाली चाचे नि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणारे येमेनचे हुथी बंडखोर तिकडं लांब, आमचा काय संबंध? आणि समुद्रावर असंच चालणार असेल तर पालघरजवळ वाढवणला 76,220 कोटी घालून नवं बंदर कशाला?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बंदर बंद पाडायला चाच्यांनी धक्क्यावर यायची गरजच नसते हो, विमावाल्यांनी नकाशावर रेघ मारली की झालं काम. त्या रेघेच्या आत शिरणाऱ्या जहाजाला जादा प्रीमियम, तो जहाजाच्या किमतीवर टक्क्यात आणि दर फेरीला, मग जहाज कंपनी तो कंटेनरवर वाटते आणि फिरत फिरत तो तुमच्या बिलात येऊन बसतो.

सोमाली चाच्यांच्या भरात, 2010 साली, ही जोखमीच्या पट्ट्याची रेघ सरकत सरकत 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत आली होती. कोल्हापूर 74 वर आहे! म्हणजे आपला अख्खा पश्चिम किनारा सोमालियाच्या पंक्तीला बसवला. जहाजांवर बंदूकधारी गार्ड आले, त्यातनंच 2012 ला केरळजवळ इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी चाचे समजून आपले दोन मच्छिमार मारले. भारतानं बरीच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2015 च्या डिसेंबरात रेघ 65 अंशावर मागं गेली.

बंदराचं काय होतं ते येमेनमधल्या एडनला बघा. नैसर्गिक बंदर, सुएझच्या वाटेवर, 1999 ला नवं कोरं कंटेनर टर्मिनल, चालवायला सिंगापूरची पीएसए ही बंदरं चालवणारी कंपनी. ऑक्टोबर 2002 मध्ये तिथनं कितीतरी लांब, मुकल्लाजवळ, लिंबर्ग नावाच्या फ्रेंच टँकरवर स्फोटकांची बोट आदळली. एडनची एक क्रेनसुद्धा वाकली नाही, पण विमा असा भडकला की कंटेनर जहाजं ओमानच्या सलालाह नि आफ्रिकेतल्या जिबूती बंदराला वळली आणि 2003 ला पीएसएनं गाशा गुंडाळला. पैसे घालणारा हेच बघतो, खोली किती नि क्रेन किती हे नंतर.

म्हणून वाढवणला घातलेले पैसे वाया असं मी म्हणणार नाही, पण कुंपण, कॅमेरे, गेटपास, गस्त हा खर्च बांधकामातच धरावा लागतो. 1 जुलै 2004 पासून आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं नि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहे, जहाजाला मागच्या दहा बंदरांचा हिशोब द्यावा लागतो, त्यातलं एक जरी ढिलं निघालं तर पुढच्या बंदरात तपासणीला रखडपट्टी. मग ढिल्या बंदराकडं कोण फिरकतंय? (तसं आपण कोल्हापूरकरांनी फार सोवळं होऊ नये, चाचेगिरीचा ठपका ठेवूनच इंग्रजांनी 1812 च्या तहात मालवण बंदर करवीर संस्थानाकडनं काढून घेतलं होतं.)

आता तुमचं बिल. हुथींना टाळायला जहाज सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून गेलं तर दहा-चौदा दिवस जास्त धरा, गिऱ्हाइकाला तारीख तशीच द्या. आणि माल सीआयएफवर (किमतीतच विमा नि भाडं धरून) विकत असाल तर फ्रेट तुमच्याच गळ्यात, एफओबीला (माल जहाजावर चढवण्यापर्यंतच तुमची जबाबदारी) ते गिऱ्हाइकाकडं जातं. गिऱ्हाईक एफओबीला ऐकत नसेल तर पुढच्या कोटेशनमध्ये ‘वॉर रिस्क सरचार्ज प्रत्यक्ष लागेल तसा’ एवढी एक ओळ टाकाच.