मेडिकलच्या फर्स्ट इयरवाल्यांनो, जरा ऐका

अरे पहिल्या टर्मला सगळ्यांनाच वाटतं की बाकीचे हुशार आणि आपणच चुकून इथे आलोय. मलापण वाटायचं. डिसेक्शन हॉलमधे, म्हणजे जिथे मृतदेह उघडून शरीर शिकवतात तिथे, हातातली नर्व्ह (मज्जातंतू) ओळखता येईना, शेजारचा धडाधड नावं सांगतोय, आणि मी नुसती मान डोलवतेय. नंतर कळलं तो पण अर्धं अंदाजाने फेकत होता 😄

2016 ला जामा या मेडिकल जर्नलमधे मोठा रिव्ह्यू आला होता, 43 देशांतले मेडिकल स्टुडंट्स, त्यात साधारण 27 टक्के मुलांमधे डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं दिसली, आणि ज्यांच्यात दिसली त्यातल्या जेमतेम 16 टक्क्यांनी मदत घेतली. म्हणजे बघ, उद्या पेशंटला सांगणार डॉक्टरकडे जा म्हणून आणि स्वतः मात्र जाणार नाही.

झोप मारून वाचू नकोस रे बाबा, वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच, मी व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री जागले आणि एक्झामिनरसमोर ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हजच्या जाळ्याची, मणक्यातून निघणारी रूट्सपण आठवेनात, सी5 ते टी1, एवढं सोपं! मेसवर एकटं जेवू नकोस. एक छंद ठेव, वाईट जमला तरी चालेल.

आणि दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही असं झालं तर सरळ कौन्सेलरला भेट, परीक्षा संपायची वाट बघत बसू नकोस. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी कुणालातरी सांग, रात्री 2 वाजता रूममेटला उठवावं लागलं तरी उठव.