नानचांगचा तेंगवांग मनोरा: १९८९ चं काँक्रीट बघायला जायचं का?

चीनमध्ये शांघायहून चांगशाला जाताना मध्ये नानचांग शहरात उतरून गान नदीकाठचा तेंगवांग मनोरा बघावा का, असं तुम्ही विचारलंय. आत्ताची इमारत १९८९ ची आणि काँक्रीटची आहे हे कळल्यावर तुमचा उत्साह मावळलेला दिसतो. माझं मत विचाराल तर जरूर उतरा. फक्त जाण्याआधी तांग काळातला कवी वांग बो याने या मनोऱ्याविषयी लिहिलेली 'प्रस्तावना', म्हणजे कवितेआधीचा गद्यलेख, अनुवादात का होईना, वाचून घ्या.

तांग सम्राट ताइझोंगचा धाकटा भाऊ ली युआनयिंग याने ६५३ मध्ये हा मनोरा बांधला. त्याला 'तेंगचा राजा' ही पदवी होती, त्यावरून हे नाव. मेजवान्या आणि गाणंबजावणं यासाठी केलेली ही हौस. तेवढंच असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं. पण ६७५ च्या सुमारास इथल्या अधिकाऱ्याने मेजवानी दिली, त्यात पंचविशीतला वांग बो येऊन बसला. त्याच्या हातून गुन्हा घडला होता, नोकरी गेली होती आणि त्याच्यापायी वडिलांची बदली थेट आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये झाली होती. त्यांना भेटायला तो निघाला होता. कथा अशी की यजमानाला आपल्या जावयाचं लेखन मिरवायचं होतं. त्याने सगळ्यांना लिहायची विनंती केली, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी रीत म्हणून नकार दिला, वांग बोने मात्र सरळ कुंचला उचलला. यजमान रागावून आत गेला. पण मावळतीचे ढग आणि एकटं रानबदक बरोबरीने उडतंय, शरदातलं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालंय, ही ओळ कानी पडताच त्याने हार मानली. पुढच्याच वर्षी वांग बो समुद्रात बुडून गेला. हे माहीत असलं की त्या लेखनातली, अंगी गुण असून जागा न मिळालेल्या माणसाची तगमग फार आत लागते.

मनोरा त्यानंतर कितीतरी वेळा पडला, जळला, पुन्हा उभा राहिला. आधीचा १९२६ च्या लढाईत जळाला. १९४२ मध्ये वास्तुतज्ज्ञ लियांग सिचेंग यांनी सोंग काळाच्या (दहावं ते तेरावं शतक) शैलीत आराखडे काढले आणि त्यांच्या आधारे आजची ५७.५ मीटर उंचीची इमारत झाली. बाहेरून तीन मजले दिसतात, आत सात आहेत. आपल्याकडे वेरूळचं घृष्णेश्वर अहिल्याबाईंनी पुन्हा बांधलं म्हणून ते कुणी कमी मानत नाही, तसंच इथे. चिनी माणसाच्या लेखी वारसा त्या मजकुरात आहे, इमारत त्याचं घर आहे. हान यू या थोर गद्यकाराने ८२० मध्ये मनोऱ्यावर लेख लिहिला, तोही मनोरा न बघता, केवळ वाचनातून जडलेल्या ओढीने.

वांग बोची होडी वारा ढकलत आणतोय, हे तळमजल्यावरचं संगमरवरी शिल्प निवांत बघा. नाटककार तांग शियानझूच्या नाटकांवरचं भित्तिचित्रही चुकवू नका. त्याचं 'पिओनी मंडप' १५९९ मध्ये इथेच सादर झालं होतं. वर छोटा रंगमंच आहे, पारंपरिक संगीताचा कार्यक्रम असेल तर थांबाच. दुकानांत वेळ घालवू नका.

अख्खी प्रस्तावना तोंडपाठ म्हणून दाखवली तर प्रवेश फुकट मिळतो. शाळेत ती शिकवतात, त्यामुळे मुलं दारापाशी उभी राहून घडाघडा म्हणतात. भाषा कळली नाही तरी ऐकावं असंच आहे ते. माझ्या मते तिथली सर्वांत जिवंत गोष्ट हीच.

दुपारी उशिरा आत जा, अंधार पडल्यावर मेट्रोच्या १ नंबर लाइनने पलीकडच्या काठावर छ्यूश्वेई चौकात उतरा. चौकाचं नावही त्याच ओळीतल्या 'शरदातल्या पाण्या'वरून आहे. रोषणाई केलेला पूर्ण मनोरा तिथूनच नीट दिसतो. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी मात्र टाळा, जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा आणि अलिपे (मोबाइलवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप) निघण्याआधीच चालू करून घ्या.